दोन गाड्या सोडून दिल्या, त्या दिवसाबद्दल

पत्र : मॅडम, मी खानापूर तालुक्यातली. गेल्या महिन्यात बेळगावात केमिस्ट्रीत एम.एस्सी. पूर्ण झालं. शेवटची व्हायवा देऊन स्टँडवर आले. खानापूरच्या दोन गाड्या समोरून गेल्या तरी चढले नाही, चहा घेऊन बसून राहिले. कसला अभ्यास नव्हता, कुणी वाट बघत नव्हतं. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, ‘आता पुढं काय?’ आणि पोटात गोळा आला. बाबा म्हणतात बी.एड. कर, मैत्रिणी पीएच.डी.चं बघतायत. मला यातलं काही नकोच आहे असं नाही, पण हवंय असंही नाही. हे मोकळं वाटणं चूक आहे का?

उत्तर : नाही गं, अजिबात चूक नाही. दहावीनंतर पीयूसी (अकरावी-बारावी), मग बी.एस्सी., मग एम.एस्सी.; पुढची पायरी कोणती हे तुला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. ते ठरवणारं कुणी उरलं नाही म्हणून तुला हलकं वाटलं आणि त्याच कारणानं पोटात गोळाही आला. आता तो गोळा जावा म्हणून घाईघाईनं कुठला तरी फॉर्म भरू नकोस.

हे इतकं ठासून सांगते, कारण लग्नाकार्यात ‘सध्या काय करतेस?’ याला उत्तर हवं म्हणून पीएच.डी.ला नाव घातलेली मुलं मी पाहिली आहेत. चार-पाच वर्षं एकाच प्रश्नाशी झुंजायचं तर तो प्रश्न तुझा स्वतःचा असावा लागतो. तसा प्रश्न तुझ्याकडे असेल, तर जरूर जा. सीएसआयआर-नेट, म्हणजे विज्ञानातल्या संशोधनासाठी आणि कॉलेजात शिकवण्यासाठीची देशपातळीवरची परीक्षा, वर्षातून दोनदा होते. तीतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. कॉलेजात शिकवायची पात्रता हवी असेल तर तू दोन्ही राज्यांची सेट (राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा) देऊ शकतेस : के-सेट कर्नाटकात चालते, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्रात आणि गोव्यात. नेट देशभर चालते. सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेसाठी नेटला वयाची वरची अट नाही, त्यामुळे हे वर्ष गेलं तर संधी गेली असं समजू नकोस.

बी.एड.बद्दल बाबांशी वाद घालू नकोस. गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेट, पंधरा दिवस आठवीला विज्ञान शिकवू द्या म्हणून विनंती कर. वर्गातून बाहेर पडताना उद्याचा तास डोक्यात घोळत असेल, तर बाबांचं खरं आहे.

तिसरी वाट तुझ्या पत्रात आलीच नाही : नोकरी. चोर्ला घाट उतरलं की गोवा. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपन्या आहेत आणि औषध बनतं तिथं क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट्रीची मुलं लागतात. अशा एका लॅबमध्ये मी दिवसभर बसले होते. तुझ्याच वयाची मुलगी काचेच्या दारांआड ठेवलेल्या तराजूवर पांढरी पावडर तोलत होती. शेवटचा आकडा स्थिर होईपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबायची, मग वजन आणि वेळ लिहून सही करायची. एक आकडा चुकला. तिनं त्यावर एकच आडवी रेघ मारली, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. गिरवायचं नाही, पांढरी शाई तर नाहीच. काय चुकलं होतं ते पुढच्यालाही वाचता आलं पाहिजे. ते औषध कुणाच्या तरी घरी जाणार असतं. काहींना या कामाचा आठवड्यात कंटाळा येतो, काहींचं मन तिथंच रमतं. तुझं काय होईल हे तिथं सहा महिने काढल्याशिवाय तुला किंवा मला सांगता येणार नाही.

आणि कन्नड. आपल्याकडची मराठी माध्यमाची मुलं बाजारात फाडफाड कन्नड बोलतात आणि अर्ज लिहायची वेळ आली की पेन खाली ठेवतात. कर्नाटकातल्या बऱ्याच सरकारी भरतींना कन्नडची सक्तीची परीक्षा असते. हाताशी वेळ आहे तोवर रोज एक पान कन्नड लिही. त्यानं मराठीचं काही उणं होत नाही; सीमेवरच्या माणसाला दोन लिप्या येणं ही मिळकत आहे, असं मी मनापासून मानते. तिकडं महाराष्ट्राच्या अनेक भरतींच्या जाहिरातींत, सीमावादात त्या राज्यानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांसाठी तरतूद असते. तुझं गाव त्या यादीत आहे का आणि कोणता दाखला लागतो, ते बघून ठेव.

आता घरचं. ‘मला वेळ द्या’ एवढंच म्हटलंस तर बाबांना ते टाळाटाळ वाटेल. त्यांना मुदत सांग. तुमच्या भागात मे अखेरीला धूळवाफ पेरणी करतात, आभाळात ढग नसताना कोरड्या मातीत भात टाकतात. त्या पेरणीपर्यंतचा वेळ माग : तोवर एक नेट देईन, वर्गात पंधरा दिवस उभी राहीन, गोव्याला किंवा इथं बेळगावात मिळेल त्या लॅबमध्ये काम करीन आणि पेरणीच्या वेळी काय ते सांगेन. पाऊस पडायच्या आधी दरवर्षी बी टाकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आईला मात्र स्टँडवरच्या चहाची गोष्ट सांग. पत्रात मला लिहिलीस तशीच सांग.

या सगळ्याच्या आधी एक काम कर. एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड, पदवीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी शेजारी ठेव आणि तुझं नाव, बाबांचं नाव, आडनाव अक्षरन्‌अक्षर ताडून बघ. मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत जाताना आपल्याकडच्या आडनावांत कुठं एखादं अक्षर वाढतं, कुठं गळतं. माझी पहिली नोकरी अशा एका अक्षरापायी चार महिने अडली होती आणि त्या चार महिन्यांत मी तालुक्याच्या कचेरीत इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई मला नावानं ओळखायला लागला. फरक सापडला तर याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.