मुलीच्या कोर्सचं नंतर, आधी तुमचा प्रपोजल फॉर्म काढा

औशाजवळ कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४६, महिन्याला सरासरी ६० हजार सुटतात. मुलगी लातूरला बी.कॉम. झाली. पुण्यातला एक क्लास ११ महिन्यांच्या अंडररायटिंगच्या (विम्याचा अर्ज तपासून तो घ्यायचा का, किती हप्त्यात, हे ठरवण्याच्या) कोर्सचे साडेतीन लाख मागतोय आणि ‘नोकरी पक्की’ म्हणतोय. या कामात पुढं नोकऱ्या आहेत का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

आहेत, पण क्लासवाला सांगतो तशा नाहीत. गाडीचा विमा, लहान रकमेचा आयुर्विमा अशा फायली आता सॉफ्टवेअरच पास करतं. माणूस लागतो तो मोठ्या रकमेच्या आणि आजार असलेल्या केसला, कारखान्याच्या आगीच्या विम्याला, कंपन्यांच्या ग्रुप मेडिक्लेमला. आजारांच्या फायलींवर बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर बसतात. बी.कॉम.वालीला जागा आहे ती उत्पन्न तपासण्यात: रिटर्न, ताळेबंद, बँकेचा उतारा. त्यासाठी मुंबईच्या भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट आणि असोसिएट परीक्षा घरी अभ्यास करून देता येतात. खर्च काही हजारांत भागतो. सरकारी विमा कंपन्यांच्या प्रशासकीय अधिकारी पदाचा अभ्यासही सोबत चालू ठेवावा. साडेतीन लाख भरू नका. अशा हमीच्या नोकऱ्या पुष्कळदा टार्गेट घेऊन पॉलिसी विकण्याच्या निघतात.

आता पत्रातल्या शेवटच्या ओळी: “माझाही १२ लाखांचा विमा आहे. बँकेच्या साहेबांनी सीसी (दुकानासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज) वाढवताना काढून दिला. शुगरची गोळी सहा वर्षांपासून चालू आहे, पण ते लिहायची गरज नाही म्हणाले.”

हे वाचून मी कोर्सचा विषय बाजूला ठेवला. पॉलिसीसोबत आलेल्या प्रपोजल फॉर्मच्या, म्हणजे विम्याच्या अर्जाच्या, प्रतीचा फोटो तुम्ही जोडलाय. मधुमेह? नाही. नियमित औषध? नाही. गेल्या पाच वर्षांत उपचार? नाही. साहेबांनी टॅबवर टिकमार्क केले, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला, तुम्ही सांगितला. कागदावर ही उत्तरं तुमची आहेत, साहेबांची नाहीत.

पॉलिसीला १४ महिने झालेत. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांच्या आत खोटी माहिती सापडली तर कंपनी क्लेम नाकारू शकते. एवढ्या लवकर आलेल्या क्लेमची चौकशी होतेच. चौकशीवाला गावातल्या मेडिकलवर गोळ्यांची बिलं बघतो, दवाखान्यात केसपेपर मागतो. त्याला उत्तरं द्यायला तुम्ही नसाल, तुमची बायको असेल. तीन वर्षं गुपचूप काढा, असंही तुम्हाला कुणी सांगेल. अजून २२ महिने आहेत. लेकरांच्या जिवावर हा जुगार खेळू नका.

आणि क्लेम मिळाला तरी १२ लाखांत होतं काय? सीसी १५ लाखांची. शेतकऱ्यांकडं उधारी ९ लाख, ती सोयाबीन विकल्यावर तुमच्या शब्दावर येते. तुमच्या माघारी ती वही घेऊन कोण फिरणार? घरखर्च ४० हजार, म्हणजे वर्षाला जवळपास ५ लाख. १५ वर्षांचे ७५ लाख, वर सीसी. तुम्हाला एक कोटीचं कवच हवं.

हप्ता मात्र वर्षाला १ लाख २० हजार जातोय. दहा वर्षं भरायचे १२ लाख, विसाव्या वर्षी मिळणार २२ लाख. साहेब ‘बारा टक्के’ म्हणाले होते. हिशोब जेमतेम चार टक्क्यांचा लागतो. हेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी ३५ लाखांच्या घरात जातात. आणि कर्जासाठी पॉलिसीची सक्ती बँकेला करताच येत नाही, याचा मला संताप आहे.

या आठवड्यात तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगरची तपासणी करून घ्या. ती सातच्या आसपास असणं आणि नऊच्या वर असणं यात हप्त्याचा मोठा फरक पडतो. मग एक कोटीच्या टर्म विम्याचा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या विम्याचा) अर्ज करा, त्यात गोळीचं नाव आणि सुरू केल्याचं साल लिहा. निरोग्यापेक्षा दीडपट हप्ता आला तरी घ्या. एका कंपनीनं नाकारलं तर दुसरीकडं करा, पण आधीचा नकार लपवू नका.

जुन्या कंपनीलाही मधुमेहाचं लेखी कळवा. ती हप्ता वाढवेल, कदाचित पॉलिसी रद्दही करेल. ते आज झालेलं परवडलं. सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मधेच मोडल्यास, किती मिळतील, याचा आकडा त्याच पत्रात मागा. पण नवा विमा हातात येईपर्यंत जुना मोडू नका.

टर्मचा फॉर्म मुलीला भरायला द्या. एकेक प्रश्न तिनं मोठ्यानं वाचावा, उत्तर तुम्ही द्यावं आणि तुमच्या तीन वर्षांच्या रिटर्नवरून तुम्हाला किती विमा मिळू शकतो, तेही तिनंच काढावं. जुन्या कंपनीचं पत्र लातूरच्या शाखेत स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घेऊन या.