नवीन मंडळी (चर्च) सुरू करताय ना, मग हे वाचा
ब्रदर, घणसोलीत मंडळी सुरू करताय, खूप आनंद वाटला, पण वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, नेमायची घाई करू नका हो. बायबलमध्ये १ तीमथ्य ३ मध्ये पौलाने स्पष्ट लिहिलंय की अध्यक्ष (म्हणजे असाच पुढारी) नवशिका नसावा, म्हणून आधी वर्षभर माणसं बघा, घर कसं सांभाळतात, पैशाच्या बाबतीत कसे आहेत, आणि सगळं एकट्या पाळकांनीच (पास्टरनीच) ठरवायचं असं तर अजिबात नको, कृत्ये ६ मध्ये सुद्धा विधवांच्या रोजच्या वाटपासाठीचे सात जण प्रेषितांनी नाही, मंडळीने निवडले. दान दोघांनी मिळून मोजायचं, लगेच वहीत सह्या, बँक खातं मंडळीच्या नावावर, पाळकांच्या नाही. त्यासाठी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात ट्रस्ट रजिस्टर करून घ्या. हॉल घेताना स्पीकरचं शेजाऱ्यांशी आधीच बोला.