‘आई, साड्या नको आणूस’

(वाचकांचे प्रवासाचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई सव्वीस वर्षं टूर लीडर होत्या, आता पंचवटीत राहतात.)

या खेपेला दोनच पत्रं घेतली आहेत. दोन्ही नाशिकची, दोघांनीही नाव छापू नका म्हणून बजावलंय. आधी छोटं.

प्रश्न : ताई, मी जुन्या नाशकातला, भद्रकालीजवळ राहतो. कंपनीच्या कामासाठी दोनदा अमेरिकेला जाऊन आलो. दोन्ही वेळा बोर्डिंग पासच्या कोपऱ्यात ‘एस एस एस एस’ अशी चार अक्षरं छापलेली होती. मला बाजूला घेतलं, बॅग पूर्ण उपसली, तळहातावर कापडाची पट्टी घासून मशीनमध्ये घातली. बरोबरचा कुलकर्णी तोवर कॉफी पीत बसला होता. घरचे म्हणतात, या वेळी दाढी काढून जा. काढू का?

उत्तर : दाढी राहू द्या. ती चार अक्षरं तुमचा चेहरा बघून छापत नाहीत. तिकिटावरचं नाव आणि जन्मतारीख अमेरिकेच्या सुरक्षा याद्यांशी आधीच ताडून बघतात आणि पास छापतानाच तो शिक्का पडतो. काही लोक नुसते चिठ्ठी उचलल्यासारखेही निवडले जातात. पण ज्या नावांची हजारो माणसं जगात आहेत, त्यांच्या नावाचं दुसरं कुणीतरी यादीत असण्याची शक्यता जास्त. तो भार कुलकर्णींवर पडत नाही, तुमच्यावर पडतो. याला उगाच गोड नाव देण्यात अर्थ नाही.

उपाय मात्र आहे. अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची ‘डीएचएस ट्रिप’ नावाची सोय आहे. ऑनलाइन अर्ज, पासपोर्टची प्रत, फी काही नाही. मग ‘रिड्रेस कंट्रोल नंबर’ मिळतो. पुढचं तिकीट काढताना तो नंबर भरायचा, म्हणजे तुम्ही आणि तो यादीतला नावबंधू वेगळे आहात हे यंत्राला कळतं. शिक्का कायमचा जाईलच असं नाही. वेब चेक-इन होईना की समजून चाला, आणि तासभर लवकर निघा. लॅपटॉप, मोबाईल चार्ज असू द्या, चालू करून दाखवायला सांगतात. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर डॉ. कलामांचे बूट आणि कोटसुद्धा तपासायला नेले होते, नंतर अमेरिकेनं दिलगिरी व्यक्त केली. तुम्हाला दिलगिरी मिळणार नाही, म्हणून तो अर्ज आजच भरा.

प्रश्न : ताई, मी झेडपीची निवृत्त शिक्षिका, वय 61, इंदिरानगरला राहते. आमचे हे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. आयुष्यभर लोकांचे पासपोर्ट छापले, स्वतःचा काढला मागच्या दिवाळीनंतर. मुलगी दोन वर्षांपासून जर्मनीत ड्रेस्डेनला नोकरीला आहे. एप्रिलमध्ये दोन महिन्यांसाठी तिच्याकडे जायचंय, तिकिटं झालीत. आता मात्र छातीत धडधडतं. व्हॉट्सॲपवर रोज कुणी ना कुणी पाठवतं, आयर्लंडमध्ये भारतीयांना मारलं, कुठं ‘परत जा’ म्हणून ओरडले. आमचा दोघांचा रंग चांगलाच काळा. इंग्रजी मला वाचता येतं, बोलताना अडखळते. जर्मन शून्य. त्यात परवा व्हिडिओ कॉलवर मुलगी म्हणाली, ‘आई, साड्या नको आणूस, ड्रेसच आण.’ का गं, विचारलं तर तिनं विषयच बदलला. तिला आमची लाज वाटते का? की तिथं खरंच काही घडतं? जावं की तिकिटं रद्द करावीत?

उत्तर : बाई (शिक्षिका आहात, दुसरं काय म्हणू), तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. भीतीबद्दल तुम्ही बारा ओळी लिहिल्यात आणि लेकीबद्दल तीन. मला त्या तीन ओळींबद्दल बोलायचंय, पण आधी बारांचं बघू. नाहीतर तुम्ही म्हणाल, ताईंनी टाळलं.

आयर्लंडचं खरं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये डब्लिनच्या भारतीय दूतावासानं तिथल्या भारतीयांना सावध राहा, आडवेळी निर्जन ठिकाणी जाऊ नका, असं लेखी कळवलं होतं. ड्रेस्डेनबद्दलही खोटा दिलासा देत नाही. परक्यांच्या, विशेषतः मुसलमानांच्या विरोधात सोमवारी संध्याकाळी मोर्चे काढण्याची सुरुवात 2014 मध्ये याच शहरात झाली. 2024 च्या प्रांतिक निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणाऱ्या पक्षाला त्या सॅक्सनी प्रांतात 30 टक्क्यांवर मतं पडली. आणि त्याच शहरात दर 13 फेब्रुवारीला, 1945 च्या बॉम्बहल्ल्याच्या स्मरणदिनी, हजारो लोक एकमेकांचे हात धरून साखळी करतात, नाझी विचाराच्या लोकांनी तो दिवस पळवू नये म्हणून. तुम्हाला ट्रॅममध्ये यातलं कोण भेटेल ते मला सांगता येणार नाही. बहुतेक जण मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले भेटतील.

आमच्या धंद्यात एक गोष्ट फार लवकर शिकावी लागते. कुठला अपमान रंगामुळे आणि कुठला नियमामुळे, हे त्या क्षणी कळत नाही. म्युनिकला आमच्या ग्रुपमधल्या जळगावच्या एका काकांना साध्या कपड्यातल्या तिकीट तपासनिसानं धरलं. काका ओरडायला लागले, आम्ही काळे म्हणून धरता! मीही पदर खोचून भांडायला उभी राहिले. निघालं असं, की काकांनी तिकीट घेतलं होतं, पण ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारला नव्हता. तिथं शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. पुढच्याच बाकावरच्या सोनेरी केसांच्या पोराकडूनही त्यानं तेवढाच दंड घेतला. (आता तो 60 युरो आहे. मुलीकडून महिन्याचा पास काढून घ्या, ही भानगडच नको.)

याच्या उलटंही सांगते. झुरिकजवळच्या एका हॉटेलात आमच्या बेचाळीस जणांचा नाश्ता तळघरात मांडला होता, वर प्रशस्त हॉल रिकामा असताना. मॅनेजर गोड हसून म्हणाला, तुम्हाला इथं मोकळं वाटेल. आता आमची मंडळी उकडलेली अंडी आणि केळी पर्समध्ये भरतात हे मी नाकारत नाही, सव्वीस वर्षं मीच त्यांना दटावत आले. पण दटावायचं तर ज्यानं भरलं त्याला दटावा. सगळ्या देशाला तळघरात बसवायचं, हा शिस्तीचा भाग नव्हे. मी सगळ्यांना वर घेऊन गेले. कुणी काही बोललं नाही.

विमानतळावर बोटांचे ठसे आणि फोटो घेतील, त्यानं दचकू नका. ऑक्टोबर 2025 पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी ही पद्धत सुरू झाली आहे, गोऱ्या अमेरिकनांनाही ती चुकत नाही. कुणाकडे उतरणार, किती दिवस, परतीचं तिकीट कुठाय, एवढं विचारतील. मुलीचं निमंत्रणपत्र, पत्ता, विमा, तिकीट एका फाइलमध्ये हातातल्या बॅगेत ठेवा. इंग्रजी अडखळलं तरी कागद अडखळत नाही.

रंगाचं म्हणाल तर मी काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर राहते. देव काळ्या पाषाणाचा, म्हणून नाव काळाराम, आणि गावभर पत्रिका फिरतात ‘गोरी मुलगी पाहिजे’. त्याच दारात 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षांवर चालला, तरी दार उघडलं नाही. तुम्हाला बघायला आलेल्या मंडळींपैकी कुणीतरी रंगावर बोललंच असेल. तेव्हा या पेपरला तुम्ही पहिल्यांदा बसत नाही आहात, एवढंच म्हणते.

कुणी दारू पिऊन अंगावर आलंच तर उत्तर देऊ नका. नजरही नको. पुढच्या थांब्यावर उतरा किंवा ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहा. फुटबॉलच्या मॅचच्या दिवशी स्टेशनकडची ट्रॅम टाळा, मॅच कधी ते मुलीला माहीत असतं. मदत मागायची तर हवेत हाका मारू नका, एका माणसाकडे बोट करून ‘हिल्फं!’ म्हणा, म्हणजे मदत. जर्मन माणसाला नेमून दिलेलं काम टाळता येत नाही. दोन शब्द अजून शिका : त्रास देणाऱ्याला ‘झी’ म्हणायचं, म्हणजे आपलं ‘तुम्ही’; ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणायचं नाही. बघणाऱ्यांना त्यावरून कळतं की हे घरातलं भांडण नाही, परका माणूस त्रास देतोय. पोलीस 110, ॲम्ब्युलन्स आणि आग 112. दूतावास तुमच्या वतीनं भांडायला येत नाही, पण पासपोर्ट हरवला, पोलिसांत अडकलात, तर त्यांनाच गाठायचं. ड्रेस्डेन बर्लिनच्या दूतावासाखाली येतं.

आता लेकीचं.

2011 च्या हिवाळ्यात ग्रुपला परत पाठवून मी एकटीच प्रागहून बर्लिनला रेल्वेनं निघाले होते. ती गाडी तुमच्या लेकीच्या ड्रेस्डेनवरूनच जाते. डब्यात पंधरा-सोळा माणसं. सरहद्द ओलांडल्यावर दोन पोलीस चढले आणि सगळ्या बाकांवरून पुढं येत सरळ माझ्यापाशी थांबले. पासपोर्ट. व्हिसा. कुठून आलात, कुठं जाता. पर्स उघडा. इतर एकालाही काही विचारलं नाही. समोरच्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, खिडकीबाहेर अंधार होता. सगळं चार मिनिटांत आटपलं, कुणी आवाज चढवला नाही, पोलीस ‘थँक यू’ म्हणून गेले. बर्लिनला उतरून मी नाशिकला फोन लावला. आई म्हणाली, कसा झाला गं प्रवास? मी म्हटलं, छान, बर्फ पडलंय.

तिला मी ते कधीच सांगितलं नाही. तिला काळजी वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर लाज वाटत होती. चूक आपली नसताना लाज आपल्याला का वाटते, कोण जाणे, पण वाटते. पुढच्याच वर्षी कोब्लेंझच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानं अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, रेल्वेतल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला केवळ रंगावरून तपासलं हे जर्मनीच्या घटनेतल्या समानतेविरुद्ध आहे म्हणून. तो पोरगा कोर्टात गेला होता. मी बर्फाचं सांगून मोकळी झाले होते.

म्हणून मला वाटतं, तुमच्या लेकीला तुमची लाज वाटत नाही. ‘साड्या नको’ यामागं तीनपैकी काहीतरी असेल. एप्रिलमध्ये तिथं सकाळी चार-पाच अंश असतात, हे एक. सरकत्या जिन्यात निऱ्या अडकतात, हे दुसरं, मी दोन बायकांच्या साड्या कात्रीनं कापून सोडवल्यात. तिसरं म्हणजे तिला कधीतरी, तिथं कुणीतरी काहीतरी म्हटलंय, आणि ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून ती धडपडतेय. दोन वर्षं ती एकटी त्या शहरात राहते. तुम्ही जिची भीती धरून बसलाय, त्यातून ती रोज ऑफिसला जाते.

तेव्हा तिला फोन करा. ‘तिथं सेफ आहे ना?’ असं विचारू नका, ‘हो’च म्हणेल. ‘तुला कुणी कधी काही बोललं का?’ असं विचारा, आणि मग पाच मिनिटं गप्प बसा. वर्गात खोडी काढलेल्या पोराला बोलतं करायला तुम्ही बसत होता, तसं. हे बाजूला नकोत, पुरुषमाणूस लगेच ‘परत ये’ म्हणून मोकळा होतो. ती रडली तर रडू द्या. ‘काही नाही गं, जिन्यात अडकते साडी’ म्हणून हसली, तर तेही चालेल.

आणि तिकिटं रद्द करू नका. दोन साड्या न्याच, घरात नेसा, तिच्या मैत्रिणी जेवायला येतील तेव्हा नेसा. बाहेर नेसायच्या का, ते तिथं गेल्यावर तुम्ही दोघी ठरवा. एप्रिलमध्ये तिथल्या दुकानांत आपली द्राक्षं लागलेली असतात, निफाड-दिंडोरीची. खोक्यावर ‘इंडिया’ लिहिलेलं सापडलं तर एक पुडा घ्या, भाव बघून चक्कर येईल.

साहेबांना मात्र माझा एक निरोप द्या. इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट पुढं करताना ‘हा आमच्या इथंच छापलाय’ असं सांगायचा मोह होईल. आमच्या ग्रुपमधल्या प्रेसच्या एका काकांनी फ्रँकफर्टला ते इंग्रजीत सांगितलं होतं, आणि अधिकाऱ्याला ‘हा मी छापलाय’ असं ऐकू आलं. पुढची चाळीस मिनिटं मी काचेच्या बाहेर उभी होते.