'पुनरायनीकरण' : यात 'पुनः' कशाला?

प्रश्न असा आहे : 'आरंभीच्या विश्वातील हायड्रोजनचे पुनर्आयनीकरण' असे वाचनात आले. हायड्रोजनचे आयनीकरण आधी एकदा झाले होते का?

लेखनाचे आधी उरकतो. पुनरागमन, पुनरावृत्ती यांप्रमाणे संधी करून 'पुनरायनीकरण' लिहावे.

आता अर्थ. आयनीकरण म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटा करणे. महास्फोटानंतर विश्व इतके तप्त होते की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटेच वावरत. सुमारे ३,८०,००० वर्षांनी तापमान ३,००० केल्विनच्या आसपास उतरले, तेव्हा कुठे हायड्रोजनचे अणू जुळले. पुढे पहिले तारे आणि दीर्घिका पेटल्या. त्यांच्या जंबुपार किरणांनी ते अणू फोडले. एका अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. महास्फोटानंतर साधारण १०० कोटी वर्षांत दीर्घिकांच्या दरम्यानच्या पोकळीतला जवळजवळ सगळा हायड्रोजन आयनित झाला.

म्हणजे अणू फोडण्याची क्रिया एवढ्या प्रमाणावर तेव्हा पहिल्यांदाच घडली. परत आली ती अवस्था. 'पुनः' त्या अवस्थेला लागतो, म्हणून तो योग्यच आहे. खटकायला हवे ते आधीच्या टप्प्याचे नाव. अणू प्रथमच जुळले, त्याला 'पुनःसंयोग' म्हणतात! आयनित वायूंच्या भौतिकीतली ही संज्ञा जशीच्या तशी उचलली गेली.

हे थेट पाहता येईल का? उदासीन, म्हणजे आयनित नसलेला, हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. आयनित झाला की ती थांबते. विश्वाच्या प्रसरणामुळे त्या काळची लहर ताणली जाऊन आज आपल्याकडे दीड-दोन मीटरची होऊन पोचते. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास तिचाच शोध घेतला आहे. आकाशगंगेचा रेडिओगोंगाट या संकेताच्या हजारो पट मोठा असल्याने हे काम अतिशय चिवट आहे.

राहिला '-करण' की '-भवन' हा प्रश्न. दोन्हींतला 'ई' संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा. जे तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ. कर्ता सांगायचा असेल तर 'ताऱ्यांनी हायड्रोजनचे पुनरायनीकरण केले', नुसते घडणे सांगायचे असेल तर 'पुनरायनीभवन झाले'. इथे कर्ता ठाऊक आहे, त्यामुळे मी '-करण' घेईन. आणि सामान्य वाचकांसाठीच्या लेखात पहिल्या उल्लेखाला 'हायड्रोजन पुन्हा आयनित झाला' एवढे सरळ वाक्य द्यावे, संज्ञा त्यामागून आणावी.