कानबाईचे रोट जत्रेत मांडावेत का?

प्रश्न : माझा मुलगा आणि सून अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान गावात राहतात. शेजारी एक इंग्लिश बाई आहेत, लग्न होऊन तिकडे आलेल्या. तिथल्या जत्रेचं त्यांना भारी अप्रूप. मिरवणुकीत आगीचे बंब काय, मुलांनी वाढवलेली वासरं काय! गेल्या वर्षी त्यांच्या मुरंब्याला लाल फीत मिळाली. पहिला नंबर समजून त्या आनंदल्या, तर तो दुसरा निघाला. यंदा त्या सुनेला म्हणतात, स्टॉल मांडू, तुमच्या गावाकडचं काहीतरी आण. जत्रा नेमकी कानबाईच्या, म्हणजे खानदेशात श्रावणात नारळाच्या रूपात घरी बसवतात त्या देवीच्या, आठवड्यात येते. सुनेच्या मनात तिच्या प्रसादाचे गव्हाचे रोट मांडायचे आहेत. चालेल का?
— एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, रोट नको. रोट भाऊबंदांचे. आमच्या घरी माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून घेतात, जात्यावर दळतात आणि झालेले रोट पौर्णिमेच्या आत घरातच संपवतात. लेक सासरी गेली की तिलासुद्धा माहेरचा रोट देत नाहीत. जो प्रसाद लेकीला मिळत नाही, तो पैसे घेऊन अनोळखी माणसाच्या हातावर कसा ठेवायचा? सुनेचा हेतू चांगला आहे, तिला रागावू नका. पण हे तिला नीट सांगा.

आता त्या बाईंच्या अप्रुपाचं. मी लेकीकडे ओहायोत दोन उन्हाळे काढले. 4 जुलैच्या मिरवणुकीसाठी लोकांनी आदल्या संध्याकाळीच रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या मांडल्या आणि घरी जाऊन झोपले. सकाळी बघते तर एकही खुर्ची हललेली नाही. मला आमच्या बारागाड्या, म्हणजे यात्रेत एकामागोमाग बांधून ओढतात त्या बारा गाड्या, आठवल्या. त्या ओढायच्या दिवशी ओट्यावरची जागा अशीच धरून ठेवतात.

आणि ते बंब! अमेरिकेत निम्म्याहून जास्त अग्निशामक जवान स्वयंसेवक आहेत. कुणी दुकानदार, कुणी शेतकरी, भोंगा झाला की हातातलं काम टाकून धावणारे. लहान गावात बंबाच्या खर्चासाठी हेच लोक सकाळी धिरड्यांसारखे पॅनकेक करून विकतात. मी बंबाच्या शेडमध्ये बसून ते खाल्ले. वाढणाऱ्या आजोबांच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, आणि ताटात तिसरा पॅनकेक टाकताना ते मला विचारतही नव्हते, अगदी आपल्याकडच्या पंगतीसारखे. इंग्लंडात बंबाचा खर्च मुख्यतः करातून निघतो. म्हणून त्या बाईंना मिरवणुकीतला बंब नवलाचा वाटतो. गावाने पै-पै जोडून घेतलेला बंब गाव मिरवणारच की! सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत माणसं आपला घोडा कसा सजवून फिरवतात, तसंच ते.

फितीचा घोळ मात्र खरा आहे. इंग्लंडातल्या प्रदर्शनांत पहिल्या नंबराला लाल रंग देतात आणि दुसऱ्याला निळा. अमेरिकेत नेमकं उलट. बाईंचा मुरंबा काही कमी नव्हता, त्यांना सांगा यंदाही ठेवा.

तर मग स्टॉलवर काय? भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते एका पाटीवर लिहून लावा. जत्रेला येणारे शेतकरी असतात, बियाण्याची गोष्ट ते थांबून वाचतात. आपली हिरवी वांगी तिथे मिळणार नाहीत, मोठी जांभळी चालतील. वांगी भाजायला कपाशीच्या काड्याही नाहीत, पण प्रत्येक अंगणात कोळशाची शेगडी असते. मिक्सर लावू नका, भरीत ठेचूनच करा. मिरच्या निम्म्या घाला, ठेचा वेगळा ठेवा.

असल्या जत्रा बहुतेक ठिकाणी चार-सहा दिवस चालतात. स्टॉल शनिवारी मांडा, रविवार घराला ठेवा. आणि त्या बाईंना रविवारी रात्री घरी बोलवा. रोट भाऊबंदांचे असले तरी कानबाईच्या दर्शनाला कुणालाही मनाई नाही. नारळाला नथ कशी घालतात, ते त्यांना जवळ बसवून दाखवा. तुम्हीही फोनवरून इथून दोन गाणी म्हणा, सुनेला तेवढाच आधार.

तिला एक आठवण द्या, वांगी निखाऱ्यावर ठेवण्याआधी सुरीने टोचायची. मी विसरले होते, लेकीच्या अंगणात वांगं फटाक्यासारखं फुटलं.