शेवटची दहा मिनिटं

प्रिय,

आता मीटिंगा तुलाच घ्यायच्या आहेत, म्हणून हे पत्र.

मीटिंग फसते ती बहुधा शेवटी. ‘हे एकदा बघायला हवं’, ‘करून टाकू’, ‘फॉलोअप घेऊ’. या वाक्यांत काम आहे, पण ते करणारा कुणी नाही. सगळे माना डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात तोच मुद्दा पुन्हा समोर येतो. म्हणून तासाभराची मीटिंग असेल तर पन्नासाव्या मिनिटाला चर्चा थांबव, रंगात आली असली तरी. एकेक निर्णय मोठ्याने वाच: काय करायचं, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत. नाव एकच. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. तारीख मात्र ज्याचं काम त्यालाच सांगू दे. वरून लादलेली तारीख हुकणार हे दिसत असलं तरी लोक आधी कळवत नाहीत. आणि गैरहजर माणसाच्या गळ्यात काम बांधू नकोस. मोह फार होतो.

टिपण त्याच दिवशी पाठव, सात-आठ ओळींचं. कोण काय बोललं ते नको. निर्णय लिही, आणि कोणता पर्याय नाकारला व का, तेही. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात आणि दोन महिन्यांनी तोच वाद नव्याने घालतात.

अजेंडा प्रश्नांच्या रूपात, आदल्या दिवशी. नुसतं ‘चाचणी’ लिहिलं तर लोक हात हलवत येतात. ‘चाचणीला आणखी एक आठवडा द्यायचा का?’ विचारलं तर उत्तर शोधून येतात. तासाला तीन प्रश्न पुष्कळ झाले. अवघड प्रश्न आधी घे. आधी पाठवलेला कागद कुणी वाचून येत नसेल तर रागावून उपयोग नाही. सुरुवातीलाच सगळ्यांनी गप्प बसून तो वाचायचा. अमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतल्या स्लाइड्स बंद करून लेखी टिपणं आणली, ती अशीच तिथे बसून वाचली जात.

बोलावताना हिशेब कर: आठ जणांचा एक तास म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस. ज्याच्यावाचून निर्णय अडेल त्यालाच बोलाव, बाकीच्यांना टिपण पुरतं.

तुझं मत सर्वांत शेवटी सांग. साहेबाचं मत आधी कळलं की बाकीचे त्यालाच दुजोरा देतात. ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं की खोलीत शांतता पसरते, आणि ती संमती नसते. त्याऐवजी ‘हे फसलं तर कुठे फसेल?’ असं नाव घेऊन विचार, सर्वांत नवख्यापासून सुरुवात करून. कुणाच्या कामातली चूक मात्र तिथे काढू नकोस. ती बंद दाराआड, त्याच दिवशी.

दर आठवड्याच्या मीटिंगला एखाद्या वेळी प्रश्नच नसेल तर ती रद्द कर, पण आदल्या दिवशी. ऐनवेळी मोकळा झालेला तास कुणालाच नीट वापरता येत नाही.

कळावे.