आजीचं लुगडं फळीवर चिकटवण्याआधी

बाईच्या बळावरची तुझी तिन्ही चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. वाकळेचा तुकडा लावलेलं सगळ्यात खरं वाटलं, पण कापडाच्या कडा आत्ताच सुटायला लागल्यात. तिथूनच सुरुवात कर.

जुनं लुगडं आधी साध्या पाण्यात धू, खळ निघून जाऊ दे, सावलीत वाळव. कॅनव्हासऐवजी प्लायवूडची फळी घे; ताणलेला कॅनव्हास हलतो आणि जड कापड त्यावरून सुटतं. जेसोचे (रंग नीट धरावा म्हणून द्यायचं पांढरं अस्तर) दोन हात दे, मग मॅट मिडियम (चकाकी नसलेलं, चिकटवायलाही चालणारं अ‍ॅक्रिलिक द्रावण) फळीलाही लाव आणि कापड बसवल्यावर त्यावरूनही. तैलरंग वापरायचाच तर सगळ्यात शेवटी. त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्रे निघतात. हळदीचा मोह मलाही झाला होता, पण उजेडात ती उडून जाते. पिवळी माती टिकते. (पुसट होत जाणं हाच चित्राचा विषय असेल, तर हळद खुशाल वापर.)

अजिंठ्याला जाऊन ये. रंग जिथं गळून पडलाय तिथं जास्त वेळ थांब. मातीत भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. थरांचं काम आपल्याकडं दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे गं!

बाईचं बळ दाखवायला दरवेळी चेहरा काढू नकोस. गंगाखेडची जनाबाई आठवायला जात्याचा खुंटा पुरतो. बीडकडची बाई ऊसतोडीला निघताना दाराला कुलूप लावते, त्या कुलपाचं चित्र काढून बघ. किल्ली कुठं ठेवली, हेही दाखव.